ययातीच्या घरचे तरुण तारे

मार्गशीर्षातल्या रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की शर्मिष्ठेचा ‘एम’ वर दिसतो आणि त्याच्या उजव्या हाताला ययाती. शहराच्या दिव्यांपासून लांब गेलात तर दोघांच्या मधल्या जागेत नुसत्या डोळ्यांनाही एक पुसटसा डाग जाणवतो. ढगाचा तुकडा मागे राहून गेलाय असं वाटतं. त्यावर साधी द्विनेत्री रोखा. डागाच्या जागी ताऱ्यांचे दोन घोस शेजारीशेजारी दिसतात, भरगच्च, बहुतेक निळसर पांढरे, मध्येच एखादा तांबूस. हे दृश्य मी दरवर्षी कुणाला ना कुणाला दाखवते आणि दरवर्षी एकच अनुभव येतो: द्विनेत्री लवकर परत मिळत नाही.

या जोडीतल्या गुच्छांना खगोलशास्त्राच्या यादीत एनजीसी 869 आणि एनजीसी 884 असे क्रमांक आहेत. अंतर सुमारे 7,500 प्रकाशवर्षं. वय साधारण 1.3 ते 1.4 कोटी वर्षं. आपल्या सूर्याचं वय आहे 460 कोटी वर्षं. सूर्याला 46 वर्षांचा गृहस्थ मानलं, तर ही दोन्ही कुटुंबं जेमतेम दीड महिन्याची ठरतात.

हे वय कळतं कसं? तिथून आपल्यापर्यंत फक्त प्रकाश येतो. त्या प्रकाशाचं दोनच तऱ्हेने काही करता येतं. तो किती आहे ते मोजायचं, किंवा तो उलगडून आत काय काय आहे ते बघायचं. पहिल्याला प्रकाशमापन म्हणजे फोटोमेट्री म्हणतात, दुसऱ्याला वर्णपटाचा अभ्यास. तरुण, तापलेल्या ताऱ्यांबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे, त्यातलं बहुतेक या दोन वाटांनी आलेलं आहे. आणि या दोन्ही वाटांना खरं बळ येतं ते तारा गुच्छात असला तरच, असं माझं मत आहे.

त्याचं कारण सोपं आहे. आकाशात सुटा दिसणारा तारा मंद असेल, तर तो मुळातच मंद आहे की नुसता लांब आहे, हे बघून सांगता येत नाही. गुच्छातले तारे मात्र एकाच ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेले. सगळे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. घटकद्रव्यंही सारखी. मग दोन ताऱ्यांत फरक दिसला की तो वयाचा नाही, अंतराचा नाही, मालमसाल्याचा नाही. उरतं मुख्यतः वस्तुमान, म्हणजे जन्मताना कुणाच्या वाट्याला किती वायू आला ते. शाळेतल्या प्रयोगात आपण एक गोष्ट बदलतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो. ताऱ्यांवर असा प्रयोग करता येत नाही, पण गुच्छाच्या रूपाने निसर्गानेच तो मांडून ठेवलाय.

प्रकाश मोजायचा म्हणजे काय करायचं

दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा आणि कॅमेऱ्यासमोर आळीपाळीने वेगवेगळे फिल्टर आणायचे. 1953 साली हॅरोल्ड जॉन्सन आणि विल्यम मॉर्गन यांनी पक्की केलेली यू, बी, व्ही ही पद्धत आजही चालते. यू अतिनीलच्या काठावर, बी निळा, व्ही हिरवट पिवळा. त्याच गुच्छाचे प्रत्येक फिल्टरमधून दोन प्रकारचे फोटो घ्यावे लागतात: काही सेकंदांचे, म्हणजे ठळक तारे जळून पांढरेफटक होत नाहीत, आणि काही मिनिटांचे, म्हणजे मंद तारे उमटतात. त्याच रात्री आकाशाच्या दुसऱ्या भागातले, ज्यांची प्रत, म्हणजे ठळकपणाचा आकडा, आधीच अचूक ठरलेली आहे असे प्रमाण तारेही टिपायचे, कारण त्या रात्रीच्या हवेने किती प्रकाश खाल्ला ते त्यांच्यावरून कळतं. गुच्छात तारे इतके खेटून असतात की एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या अंगावर सांडतो. संगणक मग एका सुट्या ताऱ्याचा आकार नमुना म्हणून घेतो आणि गर्दीतला एकेक तारा त्या नमुन्याने सोडवत जातो. हे काम चिकाटीचं आहे. इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं.

हाती येतात आकडे. प्रत्येक ताऱ्याची बी प्रत आणि व्ही प्रत. बीमधून व्ही वजा केला की ताऱ्याचा रंग आकड्यात मिळतो. सूर्याचा हा आकडा सुमारे 0.65. अभिजितचा जवळपास शून्य. त्याहून तप्त ताऱ्यांचा शून्याखाली जातो. (प्रतीचा हिशेब उलटा असतो हे लक्षात असू द्या. आकडा जितका लहान, तितका तारा ठळक. पाच प्रतींचा फरक म्हणजे 100 पट.)

आता आलेख काढायचा. आडव्या अक्षावर रंग, उभ्या अक्षावर ठळकपणा, गुच्छातला प्रत्येक तारा एक ठिपका. 1911 साली हर्ट्‌झस्प्रुंग याने कृत्तिका आणि रोहिणीजवळचा गुच्छ घेऊन असेच आलेख छापले, तेव्हा ठिपके कसेही विखुरले नाहीत. ते एका तिरक्या पट्ट्यात ओळीने बसले. वर डावीकडे तप्त, निळे, प्रखर. खाली उजवीकडे थंड, तांबडे, मंद. या पट्ट्याला मुख्य अनुक्रम म्हणतात, आणि तारा आयुष्याचा बहुतेक काळ इथेच काढतो.

वय या पट्ट्याच्या वरच्या टोकावरून कळतं. दिवाळीत एकाच वेळी लावलेल्या पणत्या आठवा. मोठ्या पणतीत तेल जास्त असतं, पण वात फार जाड असेल तर तीच आधी विझते. ताऱ्यांचं अगदी असंच आहे. दहापट वस्तुमानाचा तारा सूर्याच्या हजारो पट प्रकाश ओततो, म्हणून त्याचं इंधन दोन-अडीच कोटी वर्षांत संपत येतं. सूर्याला मात्र 1,000 कोटी वर्षं पुरतं. त्यामुळे गुच्छाचं वय वाढतं तसा पट्टा वरून खाली झिजत जातो. कुठपर्यंत झिजलाय ते बघा, त्या वजनाच्या ताऱ्याचं आयुष्य किती ते गणिताने काढा, झालं वय. ययातीतल्या जोडगुच्छात पट्टा फार वरपर्यंत शाबूत आहे. मध्येच दिसणारे तांबूस तारे म्हणजे सर्वांत वजनदार भावंडं, ज्यांच्या गाभ्यातला हायड्रोजन एवढ्यातच संपला.

रंग फसवतो तिथे

इतकं सरळ असतं तर लेख इथेच संपला असता. तप्त ताऱ्यांच्या बाबतीत मात्र रंगाचा आकडा दोनदा दगा देतो.

पहिला दगा तापमानाचा. 5,800 केल्विनच्या सूर्याकडून 10,000 केल्विनच्या ताऱ्याकडे गेलं की बी वजा व्ही 0.65 ने बदलतो, म्हणजे भरपूर. पण 20,000 वरून 40,000 वर गेलं की बदल होतो जेमतेम 0.1. तापमान दुप्पट झालं, प्रत्येक चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा 16 पट झाली, तरी डोळ्यांना दोन्ही तारे सारखेच निळे! कारण अशा ताऱ्यांचा प्रकाश मुख्यतः अतिनीलमध्ये असतो. आपल्याला दिसतं ते त्याचं शेपूट, आणि शेपटाचा आकार तापमानाप्रमाणे फारसा बदलत नाही. म्हणूनच यू फिल्टर सोडून चालत नाही. 364.6 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अलीकडे, म्हणजे अतिनीलच्या बाजूला, ताऱ्यातला हायड्रोजन प्रकाश एकदम गिळू लागतो. तारा जितका तप्त, तितकं हे गिळणं कमी, आणि तो फरक यूमध्ये पकडता येतो.

दुसरा दगा धुळीचा. मावळतीचा सूर्य तांबडा दिसतो तसा लांबचा निळा तारा मधल्या धुळीतून येताना पिवळट होतो आणि मंदही होतो. अवकाशात अशी सगळीकडे पसरलेली धूळ आहे, हे 1930 साली लिक वेधशाळेतल्या रॉबर्ट ट्रम्प्लर याने तारकागुच्छांवरूनच दाखवलं. अंतरं काढल्यावर त्याच्या लक्षात आलं की लांबचे गुच्छ जवळच्यांपेक्षा आकाराने मोठे निघतायत. लांबच्या गुच्छांनी मुद्दाम मोठं का असावं? उत्तर असं होतं की ते सांगितले गेले तितके लांब नव्हतेच. मधल्या धुळीने त्यांना मंद केलं होतं आणि मंद म्हणून ते लांबचे समजले गेले होते. मला हा सगळ्या खगोलशास्त्रातल्या सुंदर तर्कांपैकी एक वाटतो.

धुळीचा हिशेब काढता येतो, कारण ती नियमाने वागते. बी वजा व्ही 1 ने वाढला तर यू वजा बी सुमारे 0.72 ने वाढतो, आणि व्हीमध्ये तारा साधारण 3.1 प्रतींनी, म्हणजे 17 पट, मंद होतो. दोन रंगांचा आलेख काढला की गुच्छाचे सगळे ठिपके मूळ जागेवरून याच तिरक्या दिशेने सरकलेले दिसतात. त्यांना मागे ढकलत मूळ रेषेवर बसवायचं. किती ढकललं, तितकी धूळ.

अशा आलेखांवरून अंतरही काढतात: धूळ वजा केल्यावरही पट्टा जितका मंद, तितका गुच्छ लांब. या पद्धतीची परीक्षा कृत्तिकांनी एकदा फार कडक घेतली. आलेखांवरून अंतर येत होतं 435 प्रकाशवर्षांच्या आसपास. हिपार्कस या उपग्रहाने 1990च्या दशकात थेट लंबन, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किती सरकलेली दिसते ते, मोजलं आणि अंतर निघालं 390च्या जवळ. आपल्या सर्वांत ओळखीच्या गुच्छाचं अंतर दहा टक्क्यांनी चुकत असेल, तर ताऱ्यांबद्दलच्या आपल्या समजुतीतच काहीतरी गडबड आहे असा त्याचा अर्थ होता. वाद बरीच वर्षं चालला. शेवटी रेडिओ दुर्बिणींनी आणि मग गाया उपग्रहाने नव्याने मोजमाप केलं. उत्तर आलं सुमारे 444 प्रकाशवर्षं. आलेखवाले खरे ठरले. गायाने आणखी एक काम सोपं केलं. गुच्छाच्या दिशेला दिसणारा प्रत्येक तारा त्या गुच्छातला नसतो, पुढचे-मागचे परके तारेही फोटोत घुसतात. वारीच्या गर्दीत एका दिंडीतली माणसं एकाच चालीने पुढे सरकतात, तशी गुच्छातल्या ताऱ्यांची आकाशातली चाल एक असते. गायाने ती इतकी बारकाईने मोजली की परके चटकन बाजूला काढता येतात.

प्रकाश उलगडला की

घरात जुनी सीडी असेल तर ती रस्त्यावरच्या दिव्याकडे तिरकी धरून बघा. पांढऱ्या एलईडीचा अखंड रंगीत पट्टा दिसतो. एखाद्या गल्लीत अजून जुना सोडियमचा दिवा असेल तर मात्र पट्टा तुटक येतो, पिवळा एकदम ठसठशीत आणि बाकी रंग कमीजास्त. दिव्यात कोणता वायू आहे ते या तुटकपणात लिहिलेलं असतं. दुर्बिणीला जोडलेला वर्णपटलेखक हेच काम हजारपट नेमकेपणाने करतो.

ताऱ्याच्या पट्ट्यात काळ्या रेषा असतात, वरच्या थरातल्या अणूंनी गिळलेल्या रंगांच्या. कोणत्या रेषा दिसतात हे द्रव्यापेक्षा तापमानावर जास्त अवलंबून आहे, आणि याचं गणित 1920 साली मेघनाद साहांनी मांडलं. हायड्रोजनच्या रेषा 10,000 केल्विनच्या आसपास सर्वांत ठळक. 20,000च्या सुमारास हेलियमच्या रेषा जोरावर येतात. 30,000च्या पुढे हेलियमचाही एक इलेक्ट्रॉन उडालेला असतो आणि त्याच्या वेगळ्याच रेषा उमटतात. त्या दिसल्या की तारा ‘ओ’ गटातला, सर्वांत तप्त. त्याखालचा ‘बी’ गट. म्हणजे जिथे रंगाचा आकडा हात टेकतो, तिथे हेलियम सांगतो 20,000 की 40,000. धूळ रेषांची जागा हलवू शकत नाही, म्हणून ही साक्ष धुळीने बिघडत नाही.

रेषेच्या जाडीतूनही बरंच कळतं. फिरणाऱ्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. येणारीचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, जाणारीचा तांबड्याकडे, आणि बारीक रेषा पसरट होऊन बसते. सूर्य विषुववृत्तावर सेकंदाला 2 किलोमीटर वेगाने फिरतो. बी गटातल्या कितीतरी ताऱ्यांच्या रेषा 200, 300 किलोमीटर सांगतात. दक्षिण क्षितिजावर हिवाळ्यात दिसणारा अग्रनद हा असाच गरगरणारा तारा. 2003 साली चिलीतल्या दुर्बिणी जोडून त्याचा आकार मोजला, तर तो विषुववृत्तावर ध्रुवांच्या दीडपट रुंद निघाला. मधोमध दाबलेल्या लाडवासारखा.

आणि इथून खरं कोडं सुरू होतं. 1866 साली रोममधल्या आंजेलो सेक्की या पाद्री खगोलज्ञाने शर्मिष्ठेच्या ‘एम’मधल्या मधल्या ताऱ्याचा वर्णपट पाहिला. हायड्रोजनची रेषा काळी असायला हवी होती. ती उजळ होती. आज अशा ताऱ्यांना ‘बीई’ तारे म्हणतात, ई म्हणजे एमिशन, उत्सर्जन. 1931 मध्ये ऑटो श्ट्रूव्हे याने कारण सुचवलं: हे तारे इतक्या वेगाने फिरतात की विषुववृत्तावरून वायू निसटतो आणि ताऱ्याभोवती चकती तयार होते. ताऱ्याच्या अतिनील किरणांनी चकतीतला हायड्रोजन फुटतो, पुन्हा जुळतो, आणि जुळताना 656.3 नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो. चकती कडेने दिसली तर त्या उजळ रेषेला दोन शिखरं येतात, एक येणाऱ्या बाजूचं, एक जाणाऱ्या. फोटोत ठिपक्यापलीकडे काहीही नाही, आणि तरी ठिपक्याभोवती चकती आहे, ती फिरतेय आणि आपल्याला कडेने दिसतेय, इतकं एका रेषेवरून कळतं. चकती कायमची नसते. कृत्तिकांमधला प्लायोनी साधारण 35 वर्षांच्या फेऱ्यात चकती जमवतो आणि गमावतो.

कुतूहल असं की हे तारे जन्मतःच असे भिंगरी असतात, की वयाबरोबर होतात? सुट्या ताऱ्यांवरून सांगता येणार नाही, कारण वय माहीत नाही. गुच्छात वय माहीत असतं. ब्लेसन मॅथ्यू, अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लडाखमध्ये हानले इथे, 4,500 मीटर उंचीवरच्या 2 मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीतून नेमकं हेच तपासलं. (दुर्बीण लडाखमध्ये, आणि ती चालवली जाते बेंगळुरूजवळच्या होसकोटेतून, उपग्रहामार्फत. पुणे जिल्ह्यात गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची वेधशाळा आहे. तिथली दुर्बीणही 2 मीटरची, आणि तिच्यावरही कॅमेरा व वर्णपटलेखक एकत्र असलेलं उपकरण आहे.)

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. एकेका ताऱ्याचा वर्णपट घेत बसलं तर आयुष्य पुरणार नाही. वर्णपटलेखकात एकेका ताऱ्याचाच प्रकाश आत सोडणारी अरुंद फट असते, ती त्यांनी काढून टाकली आणि 656.3 नॅनोमीटरच्या आजूबाजूचाच लाल प्रकाश जाईल असा फिल्टर लावला. फोटोत गुच्छातला प्रत्येक तारा ठिपक्याऐवजी छोट्या रेघेसारखा उमटतो. बहुतेक रेघा सपाट किंवा मध्ये किंचित काळसर. ज्या रेघेवर एक उजळ मणी दिसेल, तो तारा उत्सर्जन करणारा. एका फोटोत अख्ख्या गुच्छाची झडती. मग फक्त मणीवाल्या ताऱ्यांचे सविस्तर वर्णपट घ्यायचे.

असे 207 गुच्छ त्यांनी चाळले. 42 गुच्छांत मिळून 157 उत्सर्जन तारे सापडले. 2008 साली हे प्रसिद्ध झालं. पण उजळ रेषा दिसली की तो बीई ताराच, असं नाही. नुकताच जन्मलेला तारा, ज्याच्याभोवती जन्माच्या वेळचीच धूळ आणि वायू अजून फिरतोय, तोही तशीच रेषा देतो. जॉर्ज हर्बिग याने 1960 साली हा प्रकार वेगळा ओळखला. दोघांना वेगळं करायला पुन्हा प्रकाशमापनच उपयोगी पडतं, या वेळी अवरक्त. जन्मखुणेची धूळ ऊब धरते आणि अवरक्तमध्ये तारा अपेक्षेपेक्षा खूपच ठळक दिसतो. बीई ताऱ्याची चकती निव्वळ वायूची, तिची अवरक्त भर बेताची. या चाळणीतून 157 पैकी सुमारे 92 टक्के खरे बीई निघाले.

त्यांची वयं बघितली तर सर्वांत तरुण गुच्छ होता 40 लाख वर्षांचा आणि सर्वांत जुना साडेबारा ते 15 कोटी वर्षांचा. म्हणजे उत्तर एक नाही, दोन आहेत. 1 कोटी वर्षांच्या आतल्या गुच्छांत जे बीई तारे दिसतात, त्यांना म्हातारपणाने वेग आला असं म्हणताच येत नाही. ते जन्मापासून गरगरतायत. पुढच्या वयाच्या गुच्छांत मात्र त्यांची दुसरी लाट दिसते. हे तारे नंतर बीई झालेले.

नंतर कसे? यात आता जोडीदारावर संशय आहे. 2012 साली सहा तरुण गुच्छांतल्या 71 ‘ओ’ ताऱ्यांचे वर्णपट पुन्हा पुन्हा घेऊन रेषा मागेपुढे हलतात का ते तपासलं गेलं. निष्कर्ष असा की 70 टक्क्यांहून अधिक वजनदार तारे आयुष्यात कधीतरी जवळच्या जोडीदाराशी वायूची देवाणघेवाण करतात. घेणाऱ्यावर वायू तिरका येऊन पडतो आणि त्याची गिरकी वाढवतो, भोवऱ्याला जाळी ओढल्यासारखी. देणारा सोलला जाऊन आतला तप्त गाभा तेवढा उरतो. हा गाभा शेजारच्या प्रखर ताऱ्यापुढे दिसत नाही, अतिनीलमध्येच तो डोकं वर काढतो. ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या भारतीय अतिनील दुर्बिणीने 2016 साली एनजीसी 188 या बऱ्याच जुन्या गुच्छात, वयाला न शोभेल इतक्या निळ्या ताऱ्याशेजारी असाच एक तप्त सोबती पकडला.

तरुण ताऱ्यांमधलं याचं सर्वांत चांगलं उदाहरण पुन्हा ययातीतच आहे, फाय नावाचा, चौथ्या प्रतीचा तारा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. जोडगुच्छापासून देवयानीकडे वळलात तर वाटेत सापडेल. तो बीई आहे. त्याच्याभोवती सुमारे 127 दिवसांत फेरी मारणारा एक लहान, अतितप्त जोडीदार आहे, आणि हबल दुर्बिणीने 1990च्या दशकात अतिनील वर्णपटात तो दाखवून दिला. आज तो सूर्याएवढ्याच वजनाचा उरलाय, पण सुरुवातीला जोडीत वजनदार तोच होता. त्याने आपला बाहेरचा सगळा वायू दिला आणि तो घेऊन दुसरा नव्याने तरुण झाला. मुलाचं तारुण्य मागून घेणाऱ्या राजाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्याच राजाच्या नावाच्या तारकापुंजात हा तारा आहे.